पहिल्या हाकेला

१

वहिनींच्या ‘आले’ची थट्टा आमच्या मजल्यावर फार जुनी. टेलरभाऊजींनी आतून हाक मारली, “अगं, सुई ओवून दे,” की वहिनी जिथं असतील तिथून, बहुतेक वेळा माझ्या स्वयंपाकघराच्या दारातून, “आले आले” म्हणायच्या आणि जागच्या हलायच्या नाहीत. हातातलं काम उरकायचं, तोंडातलं बोलणं संपवायचं, मग जायचं. भाऊजी म्हणायचे, “हिचं आले चहात टाकण्याच्या लायकीचं.”

आपल्या बोलण्यात ते असतंच म्हणा. बाई उठलेली नसते, चप्पल पायात नसते, तरी ‘आले’ म्हणून मोकळी होते. ते खोटं आहे असं कुणाच्या मनात येत नाही.

भाऊजींची नजर गेली काही वर्षं उतरत चालली होती. दुकान बंद केलं, मशीन घरी आणली, पण सुईचं नेढं त्यांना दिसेना. वहिनींना तरी कुठं धड दिसत होतं? दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करायचं, वळायचं, डोळा बारीक करायचा, दोरा नेढ्याच्या बाजूने निसटायचा, की पुन्हा पहिल्यापासून. भाऊजी वैतागायचे. वहिनी मात्र त्या कामाला कधी कंटाळल्या नाहीत. मला एकदा म्हणाल्या, “ताई, मुलं आपापल्या गावी सुखी आहेत. दागिना म्हणाल तर ह्या दोन बांगड्या. पण ह्यांचं माझ्यावाचून अडतं, एवढी एक इस्टेट आहे बघा माझी.”

डोळे आहेत तोवर समुद्र बघून घेऊ, असं भाऊजींच्या मनात आलं आणि दोघं जन्मात पहिल्यांदा प्रवासाला निघाली. वहिनींनी मला बरोबर ओढलं. हे दिवसभर गप्प बसणार, मग मी बोलू कुणाशी, असं त्यांचं म्हणणं. भाऊजी म्हणाले, “चला बातमीदारबाई. नाहीतर परत आल्यावर सगळं तुम्हाला बसून सांगावं लागेल, त्यापेक्षा नेलेलं बरं.”

२

बंदराच्या मागच्या गल्लीत स्वस्तातली जागा मिळाली. गोऱ्या साहेबांच्या वेळची दुमजली इमारत, लोखंडी नक्षीचे कठडे गंजून लाल झालेले, खिडक्यांना हिरव्या लाकडी झडपा. वरच्या मजल्यावर एक भलामोठा दिवाणखाना होता. साहेबलोक तिथं नाचगाणी करत असतील एकेकाळी. आता मध्ये प्लायवूड ठोकून त्याच्या खोल्या केल्या होत्या. प्लायवूड माणसाच्या डोक्याच्या जरा वर जाऊन संपायचं, त्यापुढे सगळं मोकळं. छत सगळ्यांचं एकच, आणि त्याच्या मधोमध लांब दांडीला टांगलेला पंखाही एकच. शेजारच्या खोलीत कुणी कूस बदलली तरी आपल्याला कळणार. भाऊजींनी हात लावून प्लायवूड चाचपलं आणि म्हणाले, “बातमीदारबाईंची सोय उत्तम झाली.”

आणि हवा! हवा कसली, गरम ओलं फडकं तोंडावर टाकल्यासारखं. काडेपेटी पेटायची नाही. पुडीतल्या मिठाचं पाणी झालं. अंथरुणावर बसलं की वाटायचं, कुणीतरी घाम येऊन आत्ताच इथून उठलंय. दारं फुगून चौकटीत घट्ट बसलेली. मॅनेजर म्हणजे बनियनवर वावरणारा, गळ्यात टॉवेल टाकलेला एक ढेरपोट्या, भला माणूस. त्याने दार उघडायची युक्ती शिकवली. आधी वर उचलायचं, मग खांदा लावायचा. वहिनींना ती एकदाही साधली नाही. मलाच पुढं व्हावं लागायचं.

नळ लांब होता, बोळाच्या पार दुसऱ्या टोकाला, मागच्या गॅलरीत.

पहिल्या दिवशी दुपारी मी खोलीत आडवी झाले होते. झडपांतून उजेडाच्या पट्ट्या जमिनीवर पडल्या होत्या. पलीकडे भाऊजींची चुळबुळ ऐकू येत होती. प्रवासात त्यांच्या सदऱ्याचं बटण तुटलं होतं, ते लावायचं चाललं असावं. त्यांनी हाक मारली, “अगं, सुई.” लांबून, नळाच्या बाजूने, वहिनींचा आवाज आला, “आले आले.”

आणि लगेच चपला वाजल्या. ओल्या चपला फरशीवर जशा फचफचतात तशा. बोळातून सरळ पलीकडच्या खोलीत शिरल्या, खाट कुरकुरली, आणि भाऊजी हळूच म्हणाले, “हां, हा घे दोरा.”

मी मनात म्हटलं, चला, परगावी आल्यावर तरी बाईंना नवऱ्याची कदर आली. मग तोंड धुवायला म्हणून उठले आणि बोळ ओलांडून गॅलरीत गेले.

वहिनी नळाखाली बसल्या होत्या. कोपरापर्यंत साबणाचा फेस, हातात भाऊजींच्या शर्टाची कॉलर.

मी विचारलं, “अहो, तुम्ही आत्ता आत गेला होतात ना?”

“मी? ही कॉलर निघाल्याशिवाय कुठली उठतेय मी. जाते आता.”

३

मी काही भित्री बाई नाही. आमच्या मजल्यावर रात्री-अपरात्री आवाज आला तर काठी घेऊन पहिली मी बाहेर पडते. मनाशी म्हटलं, वरून सगळं मोकळं आहे, आवाज कुठून कुठं जातो कुणी सांगावं. तिसऱ्याच कुणाच्या चपला, तिसऱ्याच कुणाची खाट. तरी वहिनींच्या मागोमाग त्यांच्या खोलीत डोकावले. तो स्वभावच.

भाऊजी खाटेवर बसून बटण लावत होते. सुई ओवलेली होती.

वहिनी म्हणाल्या, द्या ती सुई. भाऊजींनी मान वर न करता विचारलं, आता कशाला? मघाशीच तर दिलीस. आणि मग खुशीत येऊन म्हणाले, “एका फटक्यात ओवलीस की आज! समुद्राची हवा मानवली तुला.”

वहिनींना वाटलं, थट्टा चाललीय. स्वतःच कशीबशी ओवली असणार आणि आता आपल्याला चिडवतायत. मलाही तेच पटलं, पटवून घेतलं. निघताना मी दोरा बोटांत धरून पाहिला. बायका दोऱ्याचं टोक ओलं करतात. हा दोरा सुरुवातीपासून शेवटपर्यंत ओला होता, पिळला असता तर पाणी निघालं असतं. पण त्या गावात काय ओलं नव्हतं?

संध्याकाळी पुन्हा तेच. वहिनी माझ्याकडे बसून पायाच्या टाचा दाबत होत्या. भाऊजींनी पलीकडून चष्मा मागितला, ह्या इथून “आले आले” म्हणाल्या, आणि बोलणं अर्धं टाकायचं नाही म्हणून बसूनच राहिल्या. मी कान देऊन होते. पलीकडे चपला वाजल्या. फचफच. भाऊजी म्हणाले, “हां, इथंच ठेव.”

वहिनींनी ऐकलं की नाही, मला कळलं नाही. त्या त्यांच्या थोरल्या सुनेची गोष्ट सांगत होत्या. ती गोष्ट मात्र तिथंच थांबली, आणि पुढं काय झालं ते त्यांनी मला आजतागायत सांगितलेलं नाही.

४

दुसऱ्या दिवशी गाव बघायला निघालो. फुकटात बघण्यासारखं जे होतं ते सगळं बघितलं. कमानींखालून जाणारा फरसबंद रस्ता, भिंतींचा चुना फुगून पोपडे सुटलेले. घोड्यावर बसलेल्या कुठल्यातरी साहेबाचा पुतळा, त्याच्या गालावरून शेवाळाचे हिरवे ओघळ. बंद गोदामं, त्यांच्या दारांवर परकी अक्षरं. आणि शेवटी धक्का आणि समुद्र. भांडी विसळलेल्या पाण्याच्या रंगाचा, जागच्या जागी हलणारा. वहिनींनी उगाच हात जोडले. भाऊजी त्या बाजूला पाठ करून उभे होते.

“बघा ना,” वहिनी म्हणाल्या, “एवढ्यासाठी तर आलो.”

खोलीवर जाऊ, एवढंच भाऊजी म्हणाले.

रस्त्यात वहिनींनी सवयीने त्यांचा दंड धरला, तर त्यांनी तो हळूच सोडवून घेतला. परक्या बाईने चुकून धरला तर सोडवून घेतात तसा, अगदी अदबीने. चहाच्या टपरीवर बसलो असताना मात्र ते आपणहून बोलले. म्हणाले, ह्या गावात आल्यापासून हिचं बोलणं किती कमी झालंय, बरं वाटतं. वहिनी माझ्याकडे बघायला लागल्या. बसमध्ये बसल्यापासून टपरीच्या बाकावर टेकेपर्यंत ह्या बाईच्या तोंडाला खळ नव्हती.

परत आल्यावर भाऊजी वर गेले. पिण्याचं पाणी खाली मॅनेजरच्या टेबलाशी मिळायचं, ते भरायला आम्ही दोघी थांबलो. बाटल्या घेऊन जिन्यात आलो तेवढ्यात वरून हाक आली, “अगं, कुठं आहेस?”

“आले आले,” वहिनी म्हणाल्या. त्या जिन्याच्या वळणावर उभ्या होत्या, मी त्यांच्या एक पायरी खाली.

वर चपला वाजल्या. दार उचलून ढकलल्याचा आवाज आला, पहिल्याच झटक्यात. मग भाऊजींचा आवाज, “आलीस?”

वहिनींनी माझं मनगट धरलं. त्यांची बोटं एवढी घट्ट होती की बांगडी रुतली. आम्ही वर गेलो. स्वतःच्या खोलीच्या बंद दाराशी वहिनी उभ्या राहिल्या, पण दाराला हात लावेनात. आत भाऊजी बोलत होते. थांबून थांबून, मध्ये कुणी हुंकार देत असल्यासारखे. म्हणत होते, की दुकान नजरेमुळे नाही बंद केलं, भीतीमुळे केलं. गिऱ्हाइकाच्या अंगावर शर्ट बसला की नाही हे हातांनी चाचपून बघायची वेळ आली, तेव्हा लाज वाटली. पहाटे जाग आली की आधी डोळे उघडायचं धाडस होत नाही, उघडले आणि अंधारच असला तर, म्हणून.

वहिनी दाराला कान लावून ऐकत होत्या. शेजारच्यांच्या घरातलं ऐकावं तशा. चोरून.

“हे मला कधी बोलले नाहीत हो,” त्या मला म्हणाल्या. आवाज असा, की मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना.

मग मी दार उचललं आणि खांदा लावला. भाऊजी एकटेच होते. त्यांच्या शेजारी, खाटेच्या काठावर, ओल्या लुगड्यानं बसून कुणी उठावं तेवढा भाग भिजून काळा झाला होता.

५

त्या दिवशी मी वहिनींना माझ्याकडे बसवलं आणि स्पष्ट सांगितलं, की इथून निघेपर्यंत ‘आले’ म्हणायचं नाही. जायचं असेल तर मुकाट्याने उठून जायचं. नसेल जायचं तर ‘थांबा’ म्हणायचं. त्या म्हणाल्या, जिभेला वळण पडलंय, मी ठरवून थोडीच म्हणते, लग्न झाल्यापासून तेच म्हणतेय. मी म्हटलं, मग पदर कोंबा तोंडात.

हे बोलताना माझं मलाच हसू येत होतं. काय मानत होते मी? बाई जिभेनं पुढं जाते आणि पायांनी मागून येते, आणि मधल्या त्या रिकाम्या वेळात दुसरंच कुणी जाऊन बसतं? असं कुठं असतं का? भाऊजींना दिसत नाही, एकटं बसून माणूस स्वतःशी बोलतो. ओलाव्याचं म्हणाल तर भिंतीसुद्धा पाझरत होत्या. एकेका गोष्टीला माझ्याकडे उत्तर होतं. सगळ्यांना मिळून एक नव्हतं. उद्याच परत जाऊ, असं वहिनी भाऊजींना सांगणार होत्या.

सकाळी आम्ही गॅलरीत होतो. खाली गल्लीत हातगाड्या ओढत हमाल चालले होते, चांगला उजेड पडला होता. आतून हाक आली.

“अगं.”

वहिनींचं तोंड उघडलं. मी त्यांच्या हाताला चिमटा काढला, त्यांनी पदर दातांत धरला.

“अगं, ऐकलंस का?”

वहिनींच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी नवऱ्याच्या हाकेला ओ दिली नव्हती. मी म्हटलं, चला, तोंड न उघडता नुसत्या चला. पण त्यांचे पाय उचलेनात. तिसरी हाक आली तेव्हा भाऊजींचा आवाज घाबरलेला होता. अंधारात चुकलेल्या मुलासारखा.

आणि बोळात कुणीतरी म्हणालं, “आले.”

वहिनींचाच आवाज. त्यातली किंचित घोगरी कडसुद्धा. फक्त वहिनी दोनदा म्हणतात. हे एकदाच म्हटलं होतं, सावकाश, जे झालंय ते सांगावं तसं.

चपला वाजत खोलीकडे गेल्या. वहिनींनी खाली आपल्या पायांकडे बघितलं. दोन्ही चपला पायांत होत्या.

६

मग मात्र त्या धावल्या. एवढ्या जड बाई, पण मला मागे टाकून गेल्या. दार घट्ट बसलं होतं. त्यांनी वर उचललं, खांदा लावला, मीही लावला. हलेना. त्या दोन्ही हातांनी दार बडवायला लागल्या.

“कोण आहे?” आतून भाऊजी म्हणाले.

“मी!”

मग वहिनींचा आवाज आला. माझ्या शेजारून नाही, दाराच्या आतून.

“अहो, दारात कुणीतरी आलंय.”

“असू दे,” भाऊजी म्हणाले. “शेजारीण असेल.”

वहिनींचे हात दारावरच राहिले. आवाज ऐकून मॅनेजर वर आला. मी काय सांगितलं कुणास ठाऊक, त्याने गळ्यातला टॉवेल कमरेला बांधला, दार उचललं आणि धडक दिली. दार उघडलं.

भाऊजी खाटेवर बसले होते, मांडीवर वहिनींचा झंपर, एका बाजूला उसवलेला. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. लपायला तिथं जागाच नव्हती. त्यांनी दाराच्या दिशेने चेहरा केला, गिऱ्हाईक आल्यावर करायचे तसा.

“या ना. काय काम होतं?”

“अहो, मी आहे,” वहिनी म्हणाल्या.

“हो हो. बसा. ही नळावर गेलीय, येईलच इतक्यात.” आणि आमच्या डोक्यांवरून, बोळाकडे तोंड करून त्यांनी हाक मारली, “अगं, सुई ओवून दे गं.”

“आले.”

आमच्या पाठीमागून आलं ते. वळून बघावं असं मला वाटलं नाही, आणि वाटलं असतं तरी मान वळली नसती. फचफच जवळ आली. मॅनेजर दारात उभा होता. त्याने पोट आत घेतलं, भिंतीला चिकटला, बादली घेऊन येणाऱ्या बाईला वाट द्यावी तशी वाट दिली, आणि अगदी सहज म्हणाला, “या वहिनी.” माझ्या उजव्या दंडाला गारवा लागला. तळघराचं दार उघडावं तसा.

आम्ही अजून उंबऱ्याबाहेरच होतो, दार आपोआप लोटलं जात होतं. मिटता मिटता जी फट राहिली तीतून मला एवढंच दिसलं. भाऊजींनी सुई धरली होती, आणि समोरून एक हात पुढं आला होता. कोपरापासून पुढंच. हातात वहिनींच्याच दोन बांगड्या. कातडी पांढरी, सगळी सुरकुतलेली, बोटांची टोकं फार काळ पाण्यात राहिल्यावर होतात तशी, पण टोकंच नाही, सगळा हात तसा. त्या हाताने दोरा नेढ्यातून घातला. पहिल्याच खेपेला.

वहिनींनी आपले हात पदराखाली घेतले. बांगड्या होत्या की नाही ते मी बघितलं नाही.

मॅनेजर टॉवेलने मान पुसत होता. मी त्याला म्हटलं, अहो, तुम्ही बघितलंत ना? तो म्हणाला, नवरा-बायको आहेत, चालायचंच, आपण मध्ये पडू नये. मग वहिनींकडे नवीन माणसाकडे बघावं तसं बघून मला हळूच विचारलं, “ह्या तुमच्याबरोबरच्या का? कधी आल्या? खाट वाढवून देऊ तुमच्या खोलीत?”

७

खाट वाढवून दिली.

भाऊजी एकटे सापडावेत म्हणून मी टपून होते. शेवटी गॅलरीत सापडले, कठड्याला धरून, समुद्राच्या विरुद्ध दिशेला तोंड करून उभे. मी सगळं सांगितलं. माझी बायको ओळखत नाही का मी, असं काहीतरी म्हणून ते ओरडतील अशी तयारी ठेवली होती. ते ओरडले नाहीत.

“बातमीदारबाई,” ते म्हणाले, “मला डोळ्यांनी कमी दिसतं. हाताला कळतं सगळं. सगळा जन्म कापड चाचपण्यात गेला माझा.”

“मग?”

“मग काही नाही. हात गार आहे एवढंच.” थोडा वेळ त्यांनी कठड्याचा गंज नखाने खरवडला. “पहिल्या हाकेला येते हो. पुढं मला अजिबात दिसणार नाही, तेव्हा मी हाक मारीन आणि कुणी आलंच नाही तर, ह्याची मला आता भीती राहिली नाही. तुम्ही तिला घेऊन जा. तिला सांगा, माझं अडत नाही.”

हे मी वहिनींना सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. बोळात त्या उभ्या होत्या.

त्यांनी आदळआपट केली असती तर मला बरं वाटलं असतं. त्या माझ्या खोलीत गेल्या, प्लायवूडच्या कडेची खाट त्यांनी घेतली आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या. जेवायला दिलं तर जेवत होत्या. पलीकडून हाक आली की त्यांचे ओठ हलायचे, आवाज मात्र आता पलीकडूनच यायचा. मी मुलांना कळवू का विचारलं. त्या म्हणाल्या, काय कळवणार? आईबाबा एकाच खोलीत आहेत, सुखात आहेत, हेच ना?

निघायची दुपार आली. वीज गेली होती, दिवाणखान्याच्या मधोमध तो लांब दांडीचा पंखा थांबला होता. उकाडा असा की श्वास गिळावा लागत होता. मी माझी पिशवी भरली, त्यांचीही भरली. खाली रिक्षा थांबवून ठेवली आणि त्यांना न्यायला वर आले.

वहिनी खाटेवर बसल्या होत्या. हातात ओलाव्याने मऊ पडलेलं वर्तमानपत्र, त्याची घडी करून त्या वारा घालत होत्या. स्वतःला नाही. प्लायवूडला. पलीकडे भाऊजींची उशी जिथं येते, नेमक्या तिथं. पलीकडून त्यांचं घोरणं ऐकू येत होतं.

“वहिनी, चला. गाडी चुकेल.”

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. “हळू, ताई. आत्ताच डोळा लागलाय त्यांचा.”

“वहिनी, घरी चला. माझ्याकडे राहा. मी आहे ना.”

त्या हसल्या. थकलेलं बाळ शेवटी निजल्यावर आई हसते तसं. हात चालूच होता, सपसप, सपसप. शेवटी मी पुढं झाले आणि त्यांचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. वर्तमानपत्र थांबलं.

वारा घालण्याचा आवाज थांबला नाही.